टपालवाल्याचा वाटा

आमच्या हॉलच्या भिंतीवर नेव्ह पॅस्कोचा फोटो लावायचं ठरलं, तेव्हा त्याच्याखाली चार ओळी लिहून द्यायचं काम माझ्यावर आलं. त्याला ओळखणारा माझ्याइतका जुना माणूस गावात उरलेला नाही, एवढंच कारण. मला लिहिता येतं असं कुणी म्हणालं नव्हतं. चार ओळी मी लिहून दिल्या. पण त्यात 'प्रेमळ' आणि 'कर्तव्यदक्ष' असे शब्द आले आणि नेव्ह काही त्यात दिसेना. म्हणून हे वेगळं लिहितो आहे. भिंतीवर मावणार नाही, ते बरंच आहे.

हॅलोरन्स बोअर या आमच्या गावाहून उत्तरेकडच्या मेंढ्यांच्या वस्त्यांना टपाल पोचवायचं काम नेव्हने जन्मभर केलं. पंधरवड्यातून एकदा लॉरी भरायची. पत्रं, वर्तमानपत्रं, पिठाची पोती, पंपाचे पट्टे, कुणाची शहरातून शिवून आलेली पँट, एकदा तर लाकडी पिंजऱ्यातून एक रागीट मेंढा. पहिली वस्ती डोरीन मॅकीची, दुसरी मॅजची, आणि जिथे रस्ताच संपतो तिथे हिल्डा लिंकेची, म्हणजे आमच्या लिंकेबाईंची. मधे तांबडी माती, राखाडी झुडपं, आणि फाटकं. रात्र लिंकेबाईंकडे काढायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत यायचं. माझा धंदा पवनचक्क्या दुरुस्त करायचा. त्यामुळे नेव्हच्या शेजारच्या सीटवर माझे पुष्कळ दिवस गेले. त्या सीटवर बसणाऱ्याने फाटकं उघडायची आणि लावायची, हे आमच्याकडे ठरलेलंच असतं.

टपाल आणणारा माणूस आमच्याकडे नुसतं टपाल आणत नाही. लिंकेबाईंच्या दारात पंधरवड्यात बाहेरून येणारं ते एकच तोंड. त्यामुळे पिशवी फाटकाशी टाकून पुढे जावं, असं कुणाच्या मनातही येत नसे. व्हरांड्यात टेबल मांडलेलं असे. त्यावर इस्त्री केलेलं कापड, कापडावर माश्यांसाठी जाळी, आणि जाळीखाली केक. नेव्हने हात धुवायचे, बसायचं, चहा घ्यायचा, केकचे दोन तुकडे खायचे, आणि मगच पिशवीची दोरी सुटायची. दोनच का? तर एक खाल्ला म्हणजे आवडला नाही, आणि तीन खाल्ले म्हणजे पुढच्या घरच्या केकची पर्वा नाही. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

आणि हे पाळलं जातंय की नाही, यावर देखरेख करायला रेडिओ होता. टेलिफोनच्या तारा आमच्याकडे यायच्या आधीची ही गोष्ट. प्रत्येक वस्तीवर बोलायचा रेडिओ असे. बटण दाबून आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याने. मात्र एकाने बोललेलं सगळ्यांना ऐकू यायचं. दुपारी डॉक्टरचे निरोप आणि टेलिग्राम संपले की ती वेळ बायकांना मोकळी मिळत असे. तिला आम्ही काकाकुव्यांचा तास म्हणत असू, कारण संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर जमणारे काकाकुवे आणि हा रेडिओ यांच्यात फरक एवढाच, की काकाकुवे मधेच थांबतात. टपालाच्या दिवशी पहिला विषय नेव्हचा.

"माझ्याकडे दोन घेतले," डोरीन सांगे.

"माझ्याकडेही दोनच. पण ताटलीतला चुरा बोटाने उचलून खाल्ला," मॅज म्हणे.

चुऱ्याचं काय करायचं यावर कायदा नव्हता, त्यामुळे पुढे बराच वेळ चर्चा चाले.

तिघींचे केक तीन तऱ्हेचे. डोरीनचा स्पंज, वर बोटभर साय. मॅज रानात मिळणाऱ्या आंबट लाल क्वाँडाँगच्या फळांचं टार्ट करी. मॅज इथल्या मूळ रहिवाशांपैकी; तिचे आजे-पणजे ही फळं खात होते तेव्हा डोरीनच्या आजे-पणज्यांना इथे आणणारी बोटही अजून बांधून व्हायची होती, हे ती डोरीनला वर्षातून एकदा तरी ऐकवत असे. आणि लिंकेबाई खजुराचा केक करत. तो केक मी अनेकदा खाल्ला आहे. त्याच्याबद्दल एवढंच म्हणतो, की पवनचक्कीच्या पायाखाली घालायला मला कधी काही कमी पडलं, तर मला त्याची आठवण येई. लिंकेबाईंचा नवरा ऑटो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा असायचा तो सदा मेंढ्यांमागे, दूरच्या कुंपणांवर. केक पंधरवड्यातून एकदाच होई, नेव्हसाठी.

महिन्यातून एकदा विमानाने डॉक्टर येत असे. हॉलमध्ये पडदा लावून माणसं तपासायचा. एका फेरीला त्याने नेव्हला पडद्यामागे जरा जास्त वेळ ठेवून घेतलं. नेव्ह बाहेर आला तो सरळ माझ्याकडे, आणि मला लॉरीमागे नेऊन म्हणाला,

"आल्फ, साखर निघाली."

"किती?"

"पुष्कळ. गोड बंद. नाहीतर इंजेक्शनं. आणि इंजेक्शनं सुरू झाली की लॉरीचं लायसन गेलं."

मग त्याने टायरला बुटाने एक ठोकर दिली. त्याची बायको केव्हाच गेली होती, मुलगी ग्वेन अ‍ॅडलेडला असे. लॉरी गेली असती तर त्याच्याकडे एक खोली, एक खुर्ची आणि बिशप नावाचा कुत्रा, एवढं उरलं असतं.

कुणी म्हणेल, सांगून टाकायचं. पण सांगायचं कुणाला? एकीला सांगितलं की रेडिओला सांगितलं, आणि रेडिओला सांगितलं की रेग डनस्टनला. गावातलं दुकान आणि टपालाची खिडकी रेगकडे होती. त्याच्या काउंटरवर रेडिओ दिवसभर चालू असायचा. टपालाचं काम दर काही वर्षांनी नव्याने दिलं जाई, आणि देणारे साहेब रेगला विचारून देत. रेगच्या मेव्हण्याकडे, लेनकडे, एक चांगली लॉरी होती आणि करायला काही नव्हतं. त्यामुळे रेगला नेव्हच्या तब्येतीची फार काळजी वाटे. नेव्ह नुसता खोकला तरी रेग काउंटरमागून विचारायचा, "छातीत आहे का रे?" आणि त्याच्या आवाजात आशा असायची.

न खाऊन बघायचा प्रयत्न नेव्हने एकदा केला. डोरीनकडे गालावर हात ठेवून म्हणाला, दाढ दुखतेय. डोरीनने बिचारीने लवंग दिली. पुढे मॅजकडे मात्र त्याचा धीर सुटला आणि त्याने दोन तुकडे खाल्ले, कारण मॅज समोर बसून बघत होती आणि मॅजला खोटं सांगणं सोपं नाही. दुपारी रेडिओवर हिशेब झाला. डोरीनकडे दुखणारी दाढ मॅजकडे कशी बरी झाली, याचं उत्तर कुणालाच देता येईना. पुढच्या फेरीला डोरीन व्हरांड्यात आलीच नाही. पिशवी घ्यायला तिने नवऱ्याला पाठवलं, आणि तो सबंध वेळ नेव्हशी पावसाबद्दल बोलला. आमच्याकडे पावसाबद्दल बोलणं म्हणजे दुसरं काही बोलायची बंदी असते.

मग नेव्हने मला हाताशी धरलं. यजमानीण किटली आणायला आत वळली की त्याच्या ताटलीतला केक माझ्या ताटलीत. मी मुळात खाणारा माणूस, त्यामुळे काही महिने बरे गेले. पण पवनचक्क्या काही माझ्या सोयीने मोडत नाहीत. एका फेरीला तर नेव्हने मला लिंकेबाईंच्या चालू असलेल्या चक्कीचा एक बोल्ट ढिला करायला सांगितला होता. तो मी केला नाही. मी नसेन तेव्हा तो बिशपला टेबलाखाली घेऊन बसे. बिशपला तोवर कांगारूचं मांस आणि शिव्या याखेरीज काही मिळालेलं नव्हतं. तो इतका फुगला, की त्याला लॉरीत चढवायला दोन माणसं लागू लागली. मग बिशपच घरी राहायला लागला.

आणि याच सुमारास शहरातलं एक नवरा-बायकोचं जोडपं गावात अडकलं. देश बघायला निघाले होते आणि त्यांच्या गाडीचा सुटा भाग यायला आठवडा लागणार होता. वेळ घालवायला ते नेव्हबरोबर गेले. परत आले ते भारावून. फाटकं उघडायला मिळाली म्हणून नवरा खूष. बायको सांगत होती, खरा देश इथे आहे. त्या भल्या माणसाने आपल्या ताटलीतला केकसुद्धा आम्हाला दिला. नेव्ह गावातल्या पेट्रोलपंपाजवळ उभा राहून हे ऐकत होता. त्याच्या तोंडावर मी असा उजेड पूर्वी पाहिला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी पंपाच्या खांबावर पाटी लागली. 'टपालाबरोबर प्रवास. देशाचा खरा अंतर्भाग पाहा. वस्तीवरच्या घरगुती पदार्थांसह.' सुरुवातीला त्याने हे फुकट ठेवलं होतं, तर कुणी फिरकेना. फुकट म्हणजे काहीतरी गडबड असणार, असं शहरातल्या लोकांना वाटे. पाटीवर भाडं लिहिलं आणि माणसं रांग लावू लागली. शहरातून इतक्या लांब ती भुकेली येत, पैसे भरत, उन्हात फाटकं उघडत, आणि नेव्हच्या वाट्याचे दोन दोन तुकडे खाऊन त्याचेच आभार मानत. नेव्हला याची थोडी लाज वाटे. पण साखर उतरायला लागली होती. डॉक्टरने पडद्यामागून त्याची पाठ थोपटली, ती बाहेरपर्यंत ऐकू आली.

मधे एकदा डोळे तपासायला तो ग्वेनकडे अ‍ॅडलेडला गेला होता. ग्वेनने त्याला मोठ्या हौसेने एका हॉटेलात नेलं. तिथे म्हणे 'अंतर्भागाचं खरं जेवण' मिळायचं. मोठ्या पांढऱ्या ताटलीत कांगारूच्या मांसाचे चार काप आणि त्यावर क्वाँडाँगचा रस, थेंबाथेंबाने. नेव्हने वाढणाऱ्याला विचारलं, हे कुत्र्यासाठी बांधून मिळेल का? ग्वेन दोन दिवस बोलली नाही. जेवून भूक काही भागली नव्हती, म्हणून तो रस्त्यावरच्या गाडीवर गेला आणि दाट वाटाण्याच्या सूपमध्ये बुडवलेली खिम्याची पेस्ट्री उभ्या उभ्या खाऊन आला. शहर कसं आहे असं मी विचारलं, तेव्हा त्याने मला फक्त त्या वाटाण्यांबद्दल सांगितलं.

आता त्या दिवसाकडे येतो.

त्या फेरीला मी होतो. लिंकेबाईंची चक्की या खेपेला खरोखरच बिघडली होती. आणि पाहुणी होती मेलबर्नची मिस क्रोथर. निवृत्त, उंच, गळ्यात कॅमेरा. तिने पुष्कळ देश पाहिले होते आणि प्रत्येक देशात तिला काहीतरी शिकायला मिळालं होतं. स्वभावाने अगदी मोकळी बाई. डोरीनच्या स्पंजचे तिने चार तुकडे खाल्ले, दोन आपले, दोन नेव्हचे. मॅजकडे तसंच. प्रत्येक वेळी यजमानीण आत गेल्यावर नेव्हने ताटली सरकवली की ती त्याच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघे. मला तेव्हाच जरा भीती वाटली होती. खाणारा माणूस बरा, भारावणारा वाईट.

दुपार कलताना लिंकेबाईंकडे पोचलो. खजुराचा केक झाला. मिस क्रोथरने त्याचेही चारही तुकडे संपवले. जबडा दमला असणार, पण बाई हटली नाही. लिंकेबाई बघतच राहिल्या. त्यांच्या केकचे चार तुकडे खाणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्या इतक्या खूष झाल्या, की काकाकुव्यांचा तास सुरू झाल्यावर त्यांनी तिला आत बोलावलं. लांबून आलेल्या पाहुण्याने रेडिओवर दोन शब्द बोलायचे, असं आमच्याकडे आहे. रेडिओ खिडकीशेजारी, खिडकी व्हरांड्याला लागून. नेव्ह आणि मी बाहेर बसलो होतो. मी चक्कीचा नट घासत होतो, नेव्ह रिकामा कप हातात धरून होता.

मिस क्रोथरने बटण दाबलं आणि सगळ्यांना नमस्कार केला. डोरीनच्या स्पंजचे आभार मानले, मॅजच्या टार्टचे मानले. मग म्हणाली,

"पण मला सगळ्यात भावली ती तुमची ही जुनी रीत. टपालवाला स्वतः एक घासही खात नाही. आपल्या वाट्याचं सगळं पाहुण्याला देतो. आज तिन्ही घरी मी पाहिलं. इतकं मोठं मन मला कुठल्याच देशात दिसलं नाही."

तिने बटण सोडलं.

त्या रेडिओवर मी वादळं ऐकली आहेत, बाळंतपणं ऐकली आहेत, एकदा एका माणसाचं मृत्युपत्र ऐकलं आहे. शांतता ऐकली नव्हती. नुसती खरखर. टाकीवरचे काकाकुवेसुद्धा मला गप्प झाल्यासारखे वाटले, पण ते माझ्या मनाचे खेळ असतील.

मग डोरीनचा आवाज आला, बारीक.

"टपालवाला काय करतो म्हणालात?"

मिस क्रोथर पुन्हा सांगायला पुढे झाली, तेवढ्यात रेग मधे आला. रेग बायकांच्या तासात कधी बोलत नसे, फक्त ऐकत असे. आवाज दुधासारखा मऊ.

"हिल्डा, नेव्ह बरा आहे ना? खाणं तुटलंय का त्याचं? म्हणजे तसं काही असेल तर कळवायला हवं वर. त्याच्याच भल्यासाठी म्हणतोय."

नेव्हने कप खाली ठेवला आणि डोक्यावरची हॅट काढून मांडीवर घेतली. हॅट काढलेला नेव्ह मी फक्त अंत्ययात्रांना पाहिला होता.

लिंकेबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. नेव्हकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं, मग त्याच्यासमोरच्या पाण्याच्या जगकडे. तो जग त्याने आल्यापासून दोनदा रिकामा केला होता. त्यांच्या ऑटोला शेवटची सहा-सात वर्षं साखर होती, हे मला माहीत होतं. त्या क्षणापर्यंत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच. त्यांनी मिस क्रोथरच्या हातातून माइक काढून घेतला.

"रेग, नेव्हची तब्येत उत्तम आहे. तब्येत खराब आहे ती माझ्या केकची. तो घशाखाली उतरत नाही. ऑटो होता तेव्हा तोसुद्धा टेबलाखालून कुत्र्याला घालायचा, मी बघून न बघितल्यासारखं करायचे. नेव्हिल सभ्य माणूस आहे, तोंडावर बोलला नाही. बस, एवढंच आहे. संपलं."

हे वाचणाऱ्याला यात फारसं काही वाटणार नाही. पण आमच्याकडे एखादी बाई नवऱ्याबद्दल रेडिओवर वाटेल ते बोलेल, मेंढ्या मेल्या ते सांगेल, कर्ज सांगेल. आपला केक वाईट आहे, हे कुणी कधी बोललेलं नव्हतं. आणि लिंकेबाई तर सगळ्यांत वडील.

रेग काहीतरी म्हणायला गेला, "नाही पण हिल्डा, ही बाई म्हणतेय तिन्ही घरी," आणि त्याला डोरीनने आडवं घेतलं.

"तिन्ही घरी म्हणजे काय रे रेग? माझ्या स्पंजचं विचारतोयस? अगं हिल्डा, तुझा निदान भाजलेला तरी असतो. माझा मधे कच्चाच राहतो. म्हणून तर वर एवढी साय थापते. साय काढून बघितलीत तर चमच्याने प्यावा लागेल."

"तुम्ही दोघी कसल्या सांगताय," मॅज म्हणाली. "माझ्या टार्टमधली फळं कुठल्या साली वाळवलीत ते मला आठवत नाही. मागच्या महिन्यात माझ्या दिराच्या दाताखाली खडा आला. नेव्ह शहाणा म्हणून दात वाचले त्याचे."

"खड्याचं काय घेऊन बसलीस, माझ्या साखरेत मुंग्या असतात," डोरीन म्हणाली.

"मुंग्या निदान मऊ असतात."

मग पूर्वेकडच्या कुठल्याशा वस्तीवरची एक बाई बोलली. नेव्हची लॉरी तिच्याकडे जातच नव्हती, तिने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. तिने सांगितलं, की तिच्या घरी वारा सुटला की दार उघडं राहावं म्हणून त्याखाली तिच्या हातच्या बिस्किटाची पाचर मारतात. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. रेग मधेमधे "ऐका ना" म्हणत होता, पण त्याला फट सापडेना. मिस क्रोथर कळवळून लिंकेबाईंना सांगत होती, की केक खरंच सुरेख होते, सगळेच. लिंकेबाईंनी तिला हातानेच गप्प बसवलं, त्यांना ऐकायचं होतं.

थोड्या वेळाने लिंकेबाई बाहेर आल्या. हातात बशी होती, बशीत दोन उकडलेली अंडी आणि चिमूटभर मीठ. बशी नेव्हपुढे ठेवली.

"ऑटोला चालायची," त्या म्हणाल्या.

नेव्हने एक अंडं हातात घेतलं.

"लिंकेबाई, केक काही वाईट नसतो."

"वाईटच असतो. मला काय जीभ नाही? वीस वर्षं उन्हाळ्यात त्या भट्टीपुढे उभी राहतेय. का? तर डोरीन करते. आणि तू आलास की दोन खातोस. मला वाटायचं, याला आवडतोय, तर करायला हवा."

"मला वाटायचं, तुम्ही एवढा करताय, तर खायला हवा."

"मग सोल ती अंडी," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी परत येताना मॅजच्या व्हरांड्यात अंडी होती. डोरीनकडेही अंडी होती, आणि डोरीन स्वतः बाहेर आली होती. पावसाचा विषय निघाला नाही. दोन्ही घरी कुणी काही विचारलं नाही. नेव्हने प्रत्येक ठिकाणी दोन दोन अंडी खाल्ली. तीन खायची छाती झाली नाही त्याची.

बाकीच्या दोघींना साखरेचं कळलं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. मी एकदा मॅजला विचारलं होतं. ती म्हणाली, "आम्हाला कुठलं कळतंय? पण हिल्डा एकटीच सगळ्यांदेखत आपला केक वाईट म्हणून मोकळी झाली असती, तर आम्ही कुठे राहिलो असतो?" यात खरं किती आणि मला वाटेला लावणं किती, हे मॅजच्या तोंडावरून कधीच ओळखता येत नसे.

भट्टीपासून तिघींची सुटका होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. पाहुणे येतच राहिले, मिस क्रोथरने तर आपल्या ओळखीची माणसं पाठवली, आणि पाहुण्यांना केक हवे होते. आपला केक वाईट आहे हे एकदा जाहीर झाल्यामुळे तिघींची भीड चेपली होती. त्या आता मनाला येईल तसे केक करू लागल्या, आणि कबूल करायला हरकत नाही, ते पूर्वीपेक्षा बरे होऊ लागले. लिंकेबाईंचासुद्धा. पाहुणे केक खात आणि नेव्ह शेजारी बसून अंडी सोलत असे. त्याचे फोटो निघत. पुढे शहरात कुणीतरी आमच्या भागाबद्दल एक रंगीत पत्रक छापलं, त्यात होतं की अंतर्भागातली ही शंभर वर्षांची परंपरा आहे: पाहुण्याला केक, टपालवाल्याला अंडी. नेव्हने ते पत्रक मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बघ, माझे आजोबाही खात असणार."

इंजेक्शनं त्याला शेवटपर्यंत लागली नाहीत. वय झालं तेव्हा लॉरी त्याने आपणहून सोडली आणि तो ग्वेनकडे राहायला गेला. साखरेने तो गेला नाही. ग्वेनच्या अंगणातली लिंबं काढताना शिडीवरून पडला, मागच्या हिवाळ्यात. लिंकेबाई त्याच्या आधी गेल्या होत्या. तिकडे रस्त्याच्या टोकाला आता त्यांची सून असते. केक तीच करते, सासूपेक्षा मऊ.

टपालाचं काम शेवटी रेगच्या मेव्हण्याला मिळालं. लेनने त्यासाठी इतकी वर्षं वाट पाहिली होती, की आता त्याचेही केस पांढरे झालेत. लेनला गोड अतिशय आवडतं. पहिल्या फेरीला तो आधी काही न खाता निघाला होता म्हणे. डोरीनच्या व्हरांड्यात पाहुण्यांपुढे स्पंज आला आणि त्याच्यापुढे अंडी. त्याने हात केककडे नेला, तर डोरीनने बशी मागे ओढली आणि म्हणाली, पाहुणे बघतायत.

रेडिओ आता गेला, टेलिफोन आले. तरी लेनने कुठे किती अंडी खाल्ली हे दुपारपर्यंत तिन्ही घरी कळलेलं असतं. गेल्या आठवड्यात विमानाने येणाऱ्या डॉक्टरने त्याला पडद्यामागे जरा जास्त वेळ ठेवून घेतलं. बाहेर आल्यावर तो पंपाजवळ माझ्याशी घुटमळला. म्हणाला, अंडी कमी करायला सांगितली आहेत. मग इकडे तिकडे बघून हळूच विचारलं,

"आल्फ, तिकडच्या एखाद्या चक्कीचं काही काम निघत नाही का रे हल्ली?"

मी त्याला म्हटलं, गुडघे साथ देत नाहीत, पण बघतो.